चार बोटं उजवीकडं

नागसेननं गोणपाटात गुंडाळलेली बंदूक सोडून चांदपाशाच्या मांडीवर ठेवली, तेव्हा पहिल्यांदा त्याला वाटलं की ही दुसऱ्याच कुणाची आहे. इतकी आखूड. मग त्यानं ती उचलून खांद्याला लावली, गाल टेकवला, डावा डोळा मिटला, आणि नळीच्या टोकावरची माशी त्याला सरळ उभी दिसली. माशी म्हणजे नेम धरायचा तांदळाएवढा लोखंडी दाणा. तीस वर्षं तो दाणा उजवीकडे कललेला होता, शेतातल्या बुजगावण्यासारखा. आता तो खिळ्यासारखा ताठ होता. चांदपाशानं बंदूक खाली घेतली. आत लेथ फिरत होतं, रस्त्यावरून सळयांचा ट्रक खडखडत गेला, आणि जालन्याच्या त्या भागात नेहमी असतो तो जळक्या लोखंडाचा वास त्याला एकदम जास्त जाणवला, कुणी नाकाशी आणून धरावा तसा.

"काय झालं, चाचा? गालाला टोचून राह्यलं का?" नागसेननं विचारलं. "न्हाई." "मंग?" "माशी." "हां, ती बदलली मी. लवलेली होती. कधीतरी पडली आसंल तुमच्या हातून. आन आता डोळा वर येतो न्हा, म्हणून पट्टी लावून उचलून घेतली, गुण्या लावून उभी केली. बिलकुल सरळ." नागसेननं हात पुसले आणि पलीकडे पोत्यावर लावलेला कागद आणून दाखवला. कागदाच्या मध्यावर छर्र्यांची भोकं एकमेकांत मिसळून एकच मोठं भोक झालं होतं. "एकबी भायेर न्हाई. लहानपणी जत्रंत तुमच्या फळीवर एक फुगा फुटला न्हाई माझा. आई म्हणायची, तुझा नेमच कच्चा, तू फौजेत काय जातो. आता बघा." तो हसला. चाळिशीला आलेल्या माणसाचं मोकळं हसू होतं ते, त्यात तक्रार नव्हती. चांदपाशानं कागदाकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, आणि त्या भोकातून पलीकडे नागसेनचा निळा शर्ट दिसला. काहीतरी बोलायला हवं होतं. पण जे बोलायचं ते बोललं तर त्याच्या आधीचंही बोलावं लागलं असतं, आणि त्याच्याही आधीचं. तो म्हणाला, "बराबर केलं."

नागसेन बाकीचं समजावत राहिला. फौजेतल्या नव्या बंदुका अशाच असतात. बंदुकीचं पोट मागं सरकवायचं, पार खांद्यापर्यंत, आणि चाप पुढं आणायचा. लाकडी दस्ता निघून गेला की लांबी गेली, आणि नळीला हात लावावा लागला नाही. वजन आता अंगाशी राहील, डाव्या हाताला लांब जायला नको. "एक गोष्ट फक्त ध्यानात ठेवा, चाचा. चाप पुढं आन खटका मागं, तर मधी एक सळी टाकली मी. बोट दाबलं की आधी सळी सरकणार, मंग खटका, मंग छर्रा. जरा थांबल्यासारखं वाटंल. तेवढं चालवून घ्या." चांदपाशानं मान हलवली. ते त्याला नवीन नव्हतं. हिवाळ्यात लकवा मारून गेल्यापासून त्याच्या डाव्या हाताचंही तसंच होतं. ऊठ म्हटलं की हात लगेच उठत नसे. आत कुठंतरी एक लांब सळी आधी सरकायची, मग हात कोपरापर्यंत यायचा आणि तिथंच थांबायचा. ओठाचा डावा कोपराही उतरला होता. फुगा तोंडाला लावला की हवा त्या कोपऱ्यातून निसटायची.

लोखंडाचा गारवा अजून गालावर होता. जुन्या दस्त्यावर त्याच्या गालाची जागा होती, सागवानात पडलेला एक उथळ खळगा. घामानं आणि तेलानं काळा झालेला. जत्रांमधून हजारो गिऱ्हाइकांनी त्यात गाल टेकवले असतील, पण खळगा त्याच्याच हाडाच्या मापाचा होता. तो आता नागसेनच्या दुकानात एका डब्यात पडला होता, भुश्शाबरोबर. उस्तादानं पहिल्यांदा बंदूक हातात दिली तेव्हा तिथं खळगा नव्हता. कुंभार पिंपळगावचा बाजार होता, दुपारचं ऊन होतं, आणि उस्तादानं नवी कोरी बंदूक मांडीवर घेऊन रस्त्यावरचा एक दगड उचलला होता आणि माशीवर एकच टोला दिला होता, भाकरीवरचा कांदा फोडावा तसा. "सरळ बंदूक गिऱ्हाइकाला देशील तर दुपारपर्यंत फळी रिकामी होईल," उस्ताद म्हणाला होता, "बंदूक वाकडी पायजे आन मालक सरळ. हिचा बाक किती, ते तुलाच ठावं असावं. बायकोला नाही, पोराला नाही." मग त्यानं चांदपाशाला शिकवलं. छर्रा डावीकडे जातो. म्हणून फुग्यावर धरायची नाही, फुग्याच्या उजवीकडे चार बोटं धरायची. तिथं काही नसतं. जिथं काही नाही तिथं नेम धरायचा आणि फुगा फुटायचा. पहिले काही दिवस चांदपाशाला ते स्वप्नातल्यासारखं वाटायचं. एखाद्या गोष्टीच्या बाजूला बघायचं, आणि ती फुटायची. मग त्याची सवय झाली. मग सवयही राहिली नाही, नुसतं बघणं राहिलं. गिऱ्हाईक विचारी, "बंदूक सरळ हाय न्हा?" तो म्हणे, "बिलकुल सरळ." त्यात खोटं बोलल्यासारखं त्याला कधी वाटलं नाही. त्याच्यापुरती ती सरळच होती.

रिक्षातून घरी येताना बंदूक त्याच्या मांडीवर आडवी मावली. पूर्वी ती बाहेर निघायची आणि रिक्षावाला ओरडायचा. मोसंबीच्या गाड्यांपाशी रिक्षा थांबली, सोललेल्या सालीचा कडसर वास आला, आणि त्यानं बोटानं हळूच माशी चाचपली. ताठ होती. दाबली तर वाकेल का? पण ही पट्टीवर झाळलेली होती, नागसेननं मनापासून झाळलेली. वाकवायची तर त्याच्याकडेच परत जायचं आणि म्हणायचं, वाकव. तो विचारणार, का. मग काय सांगायचं? तुझा नेम कच्चा नव्हता रे बाबा? रिक्षा चालू झाली.

बायको, शकीला, दारातच उभी होती. तिनं बंदूक हातात घेतली, वजन केलं, उलटीपालटी केली. "अजी, ये तो बच्चा हो गई," ती म्हणाली. घरात दोघं असेच बोलत; मराठी धंद्याच्या जागी. तिनं बंदूक खुंटीला लावली आणि पाठमोरी राहूनच विचारलं, "लगेगी?" चांदपाशा बाजेवर बसला. "लगेगी," तो म्हणाला.

सारं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं. अफ्रीन, त्यांची मुलगी, संभाजीनगरला होती. जावई मुजाहिद, त्याचं मोबाइलचं दुकान होतं, आणि दुकानामागं एक खोली रिकामी होती. दोघांनी तिथं येऊन राहावं, अब्बांनी आता जत्रा करू नये, हे अफ्रीन हिवाळ्यापासून म्हणत होती. शकीलानं तिला ना हो म्हटलं ना नाही. ती म्हणाली, तीर्थपुरीच्या जत्रेत अब्बा बोहनी करतील. लागली तर पुढच्या जत्रा. नाही लागली तर आम्ही येतो. बोहनीची रीत उस्तादाची होती. फळी उभी झाली की गिऱ्हाइकाच्या हातात बंदूक द्यायच्या आधी मालकानं एकच बार टाकायचा, वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या पिवळ्या फुग्यावर. तो फुटला तर दिवस चांगला. तीस वर्षांत तो फुटला नाही असं झालं नव्हतं. आणि दुसरी रीत अशी की दोन जत्रांच्या मधे घरी बार काढायचा नाही, बंदुकीला निजू द्यायचं. त्या रात्री, आणि पुढच्या रात्रींतही, चांदपाशा पडल्या पडल्या खुंटीवरच्या त्या आखूड सावलीकडे बघत राहिला. उठून अंगणात एक छर्रा भिंतीवर मारून बघितला असता तर कुणाला कळलं नसतं. पण तो उठला नाही. रीत मोडायची भीती होती की छर्रा कुठं जातो ते बघायची, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. झोप लागली की बंदूक पुन्हा लांब व्हायची. इतकी लांब की तिचं टोक एका गावात आणि दस्ता दुसऱ्या गावात. तो जाफराबादला गाल टेकवून उभा असायचा आणि माशी तीर्थपुरीच्या कपाशीत कुठंतरी, एवढीशी, कललेली. तो चाप दाबायचा आणि वाट बघायचा. सळी सरकत राहायची, एकेक गाव ओलांडत.

जत्रेच्या दिवशी कल्याणच्या टेम्पोनं निघाले. कल्याण त्यांच्याच गल्लीतला, खेळणी विकणारा. त्याच्या भिंगऱ्या आणि प्लास्टिकच्या मोटारी, आणि यांची फळी, बांबू, दोऱ्या एकाच टेम्पोत जात. "पाशाभाई," त्यानं गोणपाटाकडे बघत म्हटलं, "धुतल्यावर आटली का हो तुमची बंदूक? माझ्या मोटारींत ठेवली तर पोरं खेळणं म्हणून घेऊन जातील." "तू चालव, गाडीकडं बघ," शकीला म्हणाली. "मी बघूनच चालवून राह्यलो, भाभी. तुम्ही भाईंना सांगा, कधीचे नळीकडं बघून राह्यले." चांदपाशा हसला, कोपऱ्यातून थोडी लाळ आली, ती त्यानं पुसली. अंबड मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस आणि कापूस, कापसाची बोंडं अर्धी उमललेली. तो मनात म्हणत होता, फुग्यावर धरायची. फुग्यावरच धरायची. बाजूला नाही. किती सोपं आहे, कोणतंही पोर असंच धरतं. तो रस्त्यावरच्या एकेका खांबाकडे बघून सराव करू लागला, खांबावर नजर ठेवायची, खांबावरच. पण नजर खांबाला लागायच्या आधीच किंचित पुढं सरकायची, खांबाच्या उजवीकडे, जिथं नुसतं शेत होतं, आणि तिथं ती निवांत बसायची. पाखरू रोजच्या फांदीवर बसतं तशी. त्याला वाटलं, आपण आयुष्यात एखादी गोष्ट समोरून कधी बघितली का? नसेल बघितली. घर, पोरगी, उस्तादाचं मरण, सगळं जरा बाजूला नजर ठेवून. आणि सगळं बरोबर लागत गेलं.

फळी उभी करायला त्याला वेळ लागला. शकीलानं दोऱ्या ओढल्या, कल्याणनं बांबू रोवायला मदत केली. फुगे सगळे शकीलानंच फुगवले, पूर्वी दोघं फुगवायचे. लाल, हिरवे, निळे, ओळीनं, आणि शेवटी वर उजव्या कोपऱ्यात पिवळा. मग ती नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली, उजव्या बांबूपाशी. वाऱ्यानं फळी हलू नये म्हणून पहिल्या बारापर्यंत बांबू धरून ठेवायचं काम तिचं होतं. पिवळा फुगा आणि बांबू यांच्यामधे चार बोटांची जागा. कुणाला ते भलतं धाडस वाटलं असतं, पण या दोघांना कधी तसं वाटलं नव्हतं, विहिरीच्या काठावर राहणाऱ्याला विहीर वाटत नाही तसं. समोर दोरीशी पाच-सात माणसं जमली होती. कुणीतरी मोबाइल काढला.

चांदपाशा स्टुलावर बसला. बंदूक दोन्ही गुडघ्यांत धरून त्यानं उजव्या हातानं नळी दुमडली, छर्रा घातला, नळी मिटवली. हे जमलं. लांब बंदूक असती तर हे कधीच जमलं नसतं. त्यानं ती खांद्याला लावली, डावा हात जेवढा वर आला तेवढ्यावर पेलली, आणि गाल लोखंडावर टेकवला. आता गालाला लाकूड नव्हतं. बंदुकीचं पोटच होतं, आतली ताणलेली स्प्रिंग त्याला दाढेत ऐकू येत होती. पिवळा फुगा समोर होता. त्यात ऊन शिरलं होतं आणि तो आतून पेटल्यासारखा दिसत होता. फुग्यावर, तो म्हणाला. माशी फुग्यावर आली. क्षणभर तिथं राहिली. मग त्यानं बोट दाबलं, आणि सळी सरकली, आणि तेवढ्या वेळात, तो ज्याची वाट कित्येक रात्री बघत होता त्या वेळात, माशी आपल्या आपण, पाणी उताराला जावं तशी उजवीकडे गेली. चार बोटं. आवाज त्याच्या कानात नाही, हाडात झाला.

फुगा तसाच होता. बांबू टिचल्याचा आवाज मागून आला की आधी आला होता, त्याला कळलं नाही. शकीलाचा हात बांबूवर होता आणि हाताच्या वर, वीतभरही नाही, बांबूच्या सालीत एक पांढरं भोक पडलं होतं. ती हलली नव्हती. दोरीपाशी मोबाइल खाली आला. चांदपाशाला वाटलं आपण हे स्टुलावरून नाही, खूप उंचावरून बघतो आहोत, आणि खाली ती एवढीशी आहे, हिरव्या बांगड्यांसकट. मग बंदूक त्याच्या मांडीवर पडली आणि तो उठायला गेला, पण डावं अंग उठलं नाही.

शकीलानं भोकावर बोट ठेवून पाहिलं, दूध तापलं का बघावं तसं. मग ती त्याच्याकडे आली. "लागलं का कुठं?" त्यानं विचारलं. शब्द तोंडाच्या कोपऱ्यातून सांडले. "न्हाई." "शकीला, माशी सरळ केली नागसेननं. आधी वाकडी होती. मी कायम बाजूला धरायचो, तिकडं, बांबूवर. हात तिकडंच गेला." हे तीस वर्षांत त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं; बायकोला नाही, पोराला नाही. वारा आला, फळी करकरली. "बांबूवर धरायचे?" ती म्हणाली. "हां." "मला वाटायचं, बोहनीच्या टायमाला तुम्ही माझ्याकडं बघता." ती रागावून म्हणाली नाही. बाजारात हरवलेल्या वस्तूबद्दल बोलावं, इतकंच. "दर जत्रंला वाटायचं. नेम धरल्यावर बघतेत न् मंग बार टाकतेत. अफ्रीनलाबी सांगितलं होतं मी."

तो बांबूकडे बघत होता.

"पाशाभाई," कल्याण हळू आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आजच्या दिवस. मी फळी उतरवून देतो." "तू तुझ्या मोटारी बघ," शकीला म्हणाली. तिनं पदर खोचला, बंदूक उचलून चांदपाशाच्या हातात दिली. "भरा." "बोहनी गेली," तो म्हणाला. "भरा तर." त्यानं भरली. ती त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि जिथं त्याचा हात थांबत होता त्याच्या पुढं, नळीखाली, तिनं आपला तळवा धरला. "मी धरते. तुम्ही बघा."

त्यानं गाल टेकवला. लोखंड आता कोमट होतं. पिवळा फुगा, पेटलेला. माशी त्याच्यावर आली आणि लगेच उजवीकडे निघाली, आणि त्यानं तिला अडवलं नाही, जाऊ दिलं, कारण अडवून काही होत नाही हे त्याला कळलं होतं. ती बांबूवर जाऊन थांबली. तिथं पांढरं भोक होतं, एक सुटी दोरी होती, आणि पलीकडे उसाचे फिकट तुरे. नजर वाट बघत राहिली. कशाची, हे त्याला प्रथम कळेना. चाप दाबायच्या आधी तिथं काहीतरी होत असे, प्रत्येक वेळी, तीस वर्षं, आणि ते झालं की बोट आपोआप मागं येई. मग त्याला आठवलं. बाराच्या आवाजाला भिऊन शकीला आधीच डोळे गच्च मिटून घेई आणि बांबूवरची मूठ वर सरकवी, आणि मनगटावरच्या बांगड्या एकदम कोपराकडे घसरत. हिरव्या, एका वर्षी लाल, अफ्रीन झाली त्या वर्षी काचेच्या निळ्या. त्या घसरल्या की तो दाबायचा. आता तिथं कुणी नव्हतं. बांबू नुसता बांबू होता. नजर तिथं आणखी थोडी घुटमळली, मग तिला तिथं थांबायचं कारण उरलं नाही, आणि ती परतली, चार बोटं डावीकडे, आणि पिवळ्यात येऊन बसली. त्याच्या डाव्या कानाजवळ बांगड्या किणकिणल्या. बोट मागं आलं. सळी सरकत होती. त्या वेळात तो कुठंच गेला नाही.

फुगा फुटला. रबराची पिवळी चिंधी खिळ्याला लटकत राहिली.

"फुटला," शकीला म्हणाली. तिनं डोळे अजून उघडले नव्हते. "भाभी, दुसऱ्या बाराला बोहनी धरत न्हाईत," कल्याण म्हणाला. "पहिला बार बांबूचा होता," ती म्हणाली, "बोहनी फुग्याची असते." दोरीशी कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. चांदपाशाला तिला सांगायचं होतं, बांगड्यांचं. तो तोंड उघडून बसला होता आणि शब्द सळीवरून हळूहळू पुढं सरकत होता. ती त्याच्याकडे बघत थांबली, घाई न करता. "तुझ्याकडंच," तो शेवटी म्हणाला. "बघायचो." तिनं त्याच्या ओठाचा कोपरा पदरानं पुसला आणि पिशवीतून नवा पिवळा फुगा काढला.

पागोटं बांधलेला एक माणूस दोरीवरून वाकला. कडेवरच्या पोरीनं हात पुढं केला होता. त्यानं बंदूक घेतली, फिरवून बघितली, आखूड बघून भुवया उचलल्या, आणि जे सगळे विचारतात तेच विचारलं. "चाचा, सरळ हाय का पर ही?"

"बिलकुल सरळ," चांदपाशा म्हणाला, आणि मागं शकीलाच्या ओठांतून अर्धा फुगलेला फुगा सुटला, फुर्रकन फळीवरून उडाला, आणि ती एवढ्या मोठ्यांदा हसली की कडेवरची पोरगी बंदूक सोडून तिच्याकडे बघत राहिली.